पायातला पहारेकरी

सुगंधा काळेल आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं धावली, त्या दिवशी तिला शर्यत पुरी करता आली नाही. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि मागं वळून बघत राहिली. आत्ता आपण तिथं होतो, मग इथं कशा आलो हेच तिला कळेना. कानांत वारा घुमत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाय जमिनीला लागले होते की नाही, तेही आठवत नव्हतं. ट्रॅकच्या कडेला उभे असलेले तिचे प्रशिक्षक भोइटे सर हातातलं घड्याळ बंद करायचं विसरून गेले होते.

"काय झालं गं, पोरी?" ते धावत आले. "लागलं का कुठं?"

"नाही, सर. भीती वाटली. म्हणजे... मीच धावले ना ही?"

सरांना हसू आलं. चाळीस वर्षं त्यांनी पळणारी माणसं पाहिली होती. असं पळताना त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं.

पाचगणीच्या पलीकडे, वाऱ्यावर उघड्या पडलेल्या एका पठारावर हे राष्ट्रीय धाव केंद्र होतं. माण तालुक्यातल्या मेंढपाळाची ही मुलगी तिथं आली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्याबरोबरच्या तुकडीत नंदुरबारकडच्या डोंगरातली पिंगला गावित होती, आणखी तीसेक मुलीही होत्या. पहिल्याच दिवशी केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. शमा इनामदारांनी सगळ्यांना जमिनीवर गोल बसवून घेतलं होतं. बुटक्या, चष्मेवाल्या आणि भराभर बोलणाऱ्या या बाईंना मुली मॅडम म्हणायच्या.

"तुमच्या प्रत्येकीच्या पायात एक पहारेकरी आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "पिंढरीला हात लावा. हा झाला स्नायू. खाली टाचेकडे या. ही घट्ट दोरी लागते ना, तिला कंडरा म्हणतात. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. त्या दोरीत बारीक बारीक संवेदक असतात, आणि ते सतत ताण मोजत बसलेले असतात. ताण वाढला की ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला निरोप धाडतात, आणि मज्जारज्जू स्नायूला सांगतो, सैल सोड. डोक्याला यातलं काही कळतही नाही. सगळा कारभार खालच्या खाली उरकतो."

"मग चांगलंच आहे की, मॅडम," पिंगला म्हणाली होती.

"चांगलं आहे. पण तो फार लवकर घाबरतो. दोरी तुटायला अजून बराच अवकाश असतो, तेव्हाच तो ओरडतो. आता हे बघा. वेगवान माणूस पाय भराभर हलवतो म्हणून वेगवान नसतो. हवेतून पाय पुढं आणायला सगळ्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो पाय जमिनीला टेकतो त्या निमिषात. त्या निमिषात जी जमिनीला जास्त जोरानं ढकलेल, ती पुढं जाईल. आणि नेमक्या त्याच वेळी पहारेकरी म्हणतो, पुरे."

त्या पहारेकऱ्याची समजूत घालण्यासाठी मॅडमनी एक पट्टा बनवला होता. कमरेला, कण्याच्या खालच्या टोकावर तो बांधायचा आणि सराव करायचा. पायातून ताणाचा निरोप वर निघाला, की पट्टा त्याच क्षणी कातडीवरून मज्जारज्जूला हलका विजेचा झणका द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच, की काही झालेलं नाही, चालू दे. दोन वर्षं रोज हे ऐकत राहिलं, की मज्जारज्जूला ते पटायचं आणि मग पट्ट्याची गरज उरायची नाही. शर्यतीच्या दिवशी मुलगी मोकळ्या कमरेनं धावायची. रक्त तपासा, लघवी तपासा, सापडणार काय? कारण तिच्या शरीरात बाहेरचं काही नव्हतंच. एक जुनी भीती तेवढी कमी झालेली असायची.

पुढची दहा-बारा वर्षं जगानं जे पाहिलं, त्याला तोड नव्हती. लिस्बनच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत सुगंधा पहिली आली, पिंगला दुसरी आणि केरळची एक मुलगी तिसरी. चौथ्या मुलीला अंतिम रेषा गाठायला इतका उशीर झाला, की ती वेगळ्याच शर्यतीत धावत असावी असं वाटलं. टाळ्या लगेच वाजल्याच नाहीत. ऐंशी हजार माणसं उभी होती आणि स्टेडियम देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत होतं. एका म्हाताऱ्या समालोचकानं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि तो नुसता ट्रॅककडं बघत बसला. हरलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरही राग नव्हता. नदीला पूर आलेला बघताना माणसाचा चेहरा होतो, तसे त्यांचे चेहरे झाले होते.

त्यानंतर मुलं, मुली, रिले, दोनशे मीटर, जिथं म्हणून वेगाचा प्रश्न होता तिथं भारताचं नाव वर राहिलं. गावोगावच्या शाळांनी मैदानावर फक्कीनं पट्टे आखले. जत्रेत लाल दिवा लुकलुकणारे खोटे पट्टे विकायला आले. म्हसवडच्या चौकाला सुगंधाचं नाव दिलं गेलं. तिचे वडील त्या चौकातून मेंढरं नेताना पाटीकडं मुद्दाम बघायचे नाहीत, आणि पुढं गेल्यावर हळूच मागं वळून बघायचे.

केंद्रातल्या मुलींना चालण्याबोलण्याचे काही नियम असत. उंचावरून उडी मारायची नाही. कुणी हाक मारली तर झटकन वळायचं नाही. दचकायची वेळ येईल अशा गर्दीत जायचं नाही. तुम्ही देशाची संपत्ती आहात, जपून राहा, असं त्यांना सांगितलं जायचं, आणि कौतुकाच्या भरात त्यांनाही ते खरं वाटायचं.

सुगंधाचं लग्न हणमंतशी झालं. तो म्हसवडच्या शाळेत गणित शिकवायचा. सुगंधाबरोबर रस्त्यानं जाताना तो दोन पावलं पुढं चालायचा आणि खडा दिसला की पायानं बाजूला सारायचा. सुरुवातीला तिला याची गंमत वाटायची, नंतर नंतर तिला ते बघवेना.

"अहो, मी काय काचेची आहे का?" एकदा ती म्हणाली.

"काचेची असतीस तर बरं होतं," तो म्हणाला. "काच कधी फुटेल ते कळतं तरी."

मूल व्हावं असं दोघांनाही वाटत होतं. पण दर वर्षी कुठली ना कुठली स्पर्धा असायची, आणि बोलणं पुढच्या वर्षावर जायचं.

मग पिंगलाची बातमी आली.

पिंगला तोवर निवृत्त होऊन अक्कलकुव्याकडं डोंगरातल्या आपल्या घरी राहायला गेली होती. तिचा मुलगा दीड वर्षाचा झाला होता. सुगंधा भेटायला गेली, तेव्हा अंगणात खाटेवर पिंगला पाय लांब करून बसली होती. दोन्ही पाय मांडीपासून पावलापर्यंत बांधलेले होते. तिच्या सासूनंच सगळं सांगितलं. उतारावर उभी केलेली जीप मागं घसरली होती, आणि जीपमागं पोरगं माती खेळत बसलं होतं. पिंगला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला धान्य निवडत होती.

"मी डोळ्यांनी बघत होते ना, बाई," सासू म्हणाली. "पण ती पळाली ते मला दिसलंच नाही. सूप इथं होतं, दाणे अजून हवेत होते, आणि ही तिथं पोराला घेऊन पडलेली. माणूस असं जाऊ शकतं हे मी कुणाला सांगितलं तर खरं मानणार नाहीत."

मुलाला ओरखडासुद्धा आला नव्हता. पिंगलाच्या मात्र दोन्ही टाचांमागच्या कंडरा तुटल्या होत्या, आणि एका गुडघ्याखाली स्नायूनं हाडाचा टवका उपटून काढला होता. ती पुढं कधी धावणार नव्हती. काठीशिवाय चालेल की नाही, याचीही खात्री डॉक्टर देत नव्हते.

"दुखलं?" सुगंधानं विचारलं.

"तेच तर. काहीच दुखलं नाही. शरीर एकदासुद्धा थांब म्हणालं नाही." पिंगलानं मुलाला मांडीशी ओढून घेतलं. "हा वाचला, म्हणून मी रडणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण सुगंधा, माझ्या बाबतीत जीप होती. तुझ्या बाबतीत हातातून सुटलेला कपसुद्धा पुरेल. आपल्या मणक्याला कुठं कळतं, ट्रॅक कुठला आणि घर कुठलं?"

सुगंधा तिथून थेट पठारावर गेली. शमा मॅडम प्रयोगशाळेतच होत्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. पिंगलाचं नाव निघताच त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"ती एकटी नाही," त्या म्हणाल्या. "निवृत्त झालेल्या सहाजणींचं असं झालंय. कुणी मांजर आडवं आलं म्हणून, कुणी पाय घसरला म्हणून. सरावानं कंडरा जाड होते, तेवढ्यावर निभावेल असा माझा हिशोब होता. तरुण वयात निभावलंही. वय वाढलं की दोरी कमजोर होते, आणि पहारेकरी तर आपण आधीच गप्प केलेला. मी वर सगळं कळवलंय, दोनदा कळवलं. स्पर्धेनंतर बघू म्हणाले."

"त्याला परत जागं करता येत नाही का?"

मॅडमनी जवळच पडलेला पट्टा हातात घेतला. मग त्यांनी सांगितलं, की येतं. पट्टा तोच, फक्त धडा उलटा. ताणाचा निरोप आला की पट्ट्यानं तो दाबायचा नाही, उलट मोठा करून मज्जारज्जूपर्यंत पोचवायचा. काही महिन्यांत जुनी सवय परत येते. दोघी निवृत्त मुलींवर त्यांनी ते करून पाहिलं होतं.

"पण एकदा तो जागा झाला की पुन्हा फसत नाही," त्या म्हणाल्या. "वेग गेला तो कायमचा गेला."

नैरोबीची जागतिक स्पर्धा सात-आठ महिन्यांवर आली होती. सुगंधा विद्यमान विजेती असल्यानं तिला थेट प्रवेश होता. आणि त्या स्पर्धेनंतर प्रत्येक जिल्ह्यात एक धाव केंद्र सुरू व्हायचं होतं. हजारो मुलींच्या कमरेला पट्टे बांधले जाणार होते. सुगंधा भोइटे सरांकडं गेली आणि म्हणाली, हे थांबवा. तुम्ही बोललात तर ऐकतील.

"बोलीन की," सर म्हणाले. "पण नैरोबी होऊ दे. तू एकदा जिंकून ये, मग आपल्या शब्दाला वजन येईल."

घरी आल्यावर तिनं हे हणमंतला सांगितलं. तो भाजी निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तू जिंकलीस तर कोण थांबवणार आहे?" तो म्हणाला. "जिंकणारं यंत्र कधी कुणी बंद केलंय?"

तिच्याही मनात तेच होतं. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती पठारावर परतली आणि मॅडमना म्हणाली, "पट्टा उलटा लावा."

पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. ती सराव करायची, वेग तसाच असायचा. मग एका संध्याकाळी, ऊन उतरलेलं असताना, ती ट्रॅकवर एकटीच धावत होती. पूर्ण वेगात आली आणि उजवा पाय टेकला, त्या क्षणी पिंढरी किंचित सैल झाली, बाजारात आईनं मागून पोराचा सदरा धरावा तशी. ती अडखळली. तिला राग आला. ती मागं गेली, पुन्हा धावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं सगळा जीव पणाला लावला, आणि तिसऱ्यांदाही कुणीतरी आतून शांतपणे सांगितलं, एवढंच.

सुगंधा ट्रॅकवर खाली बसली आणि तिनं पिंढरीवर तळवा ठेवला. आत स्नायू अजून थडथडत होता. तिला बोलताही येत नव्हतं तेव्हापासून हा इथं बसलेला होता. ती पहिलं पाऊल टाकताना पडली असेल, तेव्हाही होता. वडिलांच्या मेंढरांत, त्यांच्या कुत्र्यात, समोर कारवीच्या झुडपावरून उडालेल्या पाखरातसुद्धा तो होता. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून तो हे एकच काम करत आला होता. आपण बारा वर्षं त्याला खोटं सांगितलं, त्याचं तोंड दाबलं, आणि आज हाक मारल्यावर तो काही एक न बोलता आपल्या जागेवर येऊन बसला. ऐंशी हजार माणसं उभी राहिली होती तेव्हा सुगंधाच्या अंगावर काटा आला नव्हता. आज आला. अंधार पडून मॅडम शोधायला येईपर्यंत ती तशीच बसून होती.

महिन्याभरानं सराव चाचणीत तिची वेळ बघून भोइटे सरांना सगळं उमगलं. ते तिच्या खोलीत आले आणि दारातच उभे राहिले.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं होतं, सर. तुम्ही नंतर म्हणालात."

सर आत येऊन बसले. "ठीक आहे. स्नायू दुखावलाय म्हणून सांगू. माघार घे. लोक हळहळतील, सन्मानानं सगळं मिटेल."

"मग पुढच्या मुलीला पट्टा बांधतील, सर. मी धावणार आहे. मी कशी धावते ते सगळ्यांना दिसू दे."

"शेवटची येशील."

"हो."

सर निघून गेले. ते आता नैरोबीला येणार नाहीत, असंच तिला वाटलं. पण विमानतळावर ते तिच्या आधी येऊन बसले होते. प्राथमिक फेरीच्या सकाळी सरावाच्या मैदानावर त्यांनी गुडघे टेकून, पाय रोवून निघायचे तिचे ब्लॉक स्वतःच्या हातानं बसवून पाहिले. तिला सोडून ते प्रेक्षकांत जायला निघाले, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

सुगंधाच्या शेजारच्या लेनमध्ये कोलंबियाची मारिसोल होती, विशीतली. चार-पाच देशांनी एव्हाना आपापले पट्टे बनवले होते, आणि मारिसोल त्यांतल्या पहिल्या पिकाची होती. तिनं सुगंधाकडं बघून मान झुकवली.

बंदूक वाजली. सुरुवातीची काही पावलं सुगंधा बरोबरीत होती. मग मारिसोल तिच्या शेजारून निघून गेली, आणि सुगंधाला आयुष्यात पहिल्यांदा तो वेग मागं राहिलेल्यांच्या नजरेतून दिसला. आपण लोकांना काय दाखवत होतो, ते तिला त्या क्षणी कळलं. छाती फुटेस्तोवर धावताना, एकेक मुलगी पुढं जात असतानाही, तिच्या मनात एकच होतं, की काय सुंदर आहे हे. ती शेवटून पहिली आली. अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तिचे दोन्ही पाय कुरकुरत होते, दुखत होते, आणि शाबूत होते.

स्टेडियम गप्प झालं. भोइटे सर उभे राहिले आणि त्यांनी एकट्यानंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांना कशासाठी ते कळलं नाही, तरी हळूहळू तेही वाजवू लागले.

पत्रकारांना सुगंधानं सगळं सांगितलं. पिंगलाचं, सहाजणींचं, उलट्या धड्याचं. आपला वेग गेला नाही, आपण तो परत केला, असं ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत देशात एकच गदारोळ उडाला. कुणी तिला देशद्रोही म्हटलं, कुणी तिच्या चौकातली पाटी काढून टाकली. पण जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या मुलींच्या आयांनी तिचं बोलणं ऐकलं होतं. नव्या केंद्रांत पहिल्या दिवशी फारच थोड्या मुली आल्या, आणि वर्ष सरायच्या आत पट्टे बंद झाले.

भारताचा वेग जसा आला तसाच गेला. दोन वर्षांनी शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकही भारतीय नव्हती. नंतरची काही वर्षं कोलंबिया जिंकत राहिलं, मग दुसरे देश. मग त्यांच्याकडूनही जिन्यात कोसळलेल्या, अंगणात कोसळलेल्या मुलींच्या बातम्या यायला लागल्या. पठारावरचं केंद्र ओस पडलं नाही. शमा मॅडमनी आणि सुगंधानं तिथं उलटा धडा द्यायला सुरुवात केली. पिंगला काठी टेकत महिन्यातून एकदा यायची आणि नव्या मुलींशी बोलायची. सुगंधाला मुलगी झाली. ती ट्रॅकवर बेधडक पळायची, दहादा पडायची, आणि हणमंत तिच्यापुढचे खडे उचलायचा नाही.

एका दुपारी सातारच्या गाडीतून एक परदेशी बाई उतरली. चेहरा दिसायच्या आधी सुगंधानं तिचे पाय पाहिले. एकेक पाऊल ती काचेच्या तुकड्यांतून वाट काढावी तसं टाकत होती. ती मारिसोल होती. सुगंधानं पुढं होऊन तिची बॅग घेतली. मारिसोलनं पठाराकडं, उन्हात विटलेल्या त्या ट्रॅककडं पाहिलं, आणि वाटेत पाठ केलेल्या तुटक मराठीत विचारलं,

"मी... हळू होणार?"

"हो," सुगंधा म्हणाली. "बाकीच्या माणसांइतकी."

मारिसोलनं त्यावर बराच विचार केला. मग तिनं सुगंधाचा दंड धरला, आणि दोघी केंद्राच्या दिशेनं चालू लागल्या.